युरोपात पहिल्यांदा स्कीइंगला जाताना: आखणी कशी करायची आणि स्की सोबत न्यायच्या का

डिसेंबर जवळ आला की लंडन, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: "डेकॅथलॉनमध्ये स्की स्वस्त दिसतायत, घेऊन टाकू का?" आता पुण्या-मुंबईहून आल्प्सला निघालेली मंडळीही हेच विचारायला लागली आहेत. उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिल्या सहलीला स्की विकत घेऊ नका आणि कुणी उसन्या दिल्या तरी नेऊ नका. दोन-तीन सहलींनंतरही गोडी टिकली तर आधी बूट घ्या. स्की सगळ्यात शेवटी, आणि त्याही तुम्ही डोंगरापर्यंत स्वतःच्या गाडीने जात असाल तरच. कारणं पुढे येतीलच. पण त्याआधी आठवडा, गाव, विमा, शिकवणी हे सगळं ठरवायचं असतं, आणि पैसे वाचतात किंवा बुडतात ते मुख्यतः तिथेच.

१. आठवडा आधी, गाव नंतर

आल्प्समधला हंगाम साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. व्हाल तोरांससारख्या फार उंचावरच्या गावी तो नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन मेच्या सुरुवातीपर्यंत ताणला जातो. या साडेचार महिन्यांत भाव सारखे नसतात. नाताळ ते नववर्ष हा काळ नवख्याने विसरूनच जावा. फेब्रुवारीही जवळपास तसाच. फ्रान्समध्ये हिवाळी सुट्टी तीन विभागांना आळीपाळीने मिळते, त्यामुळे महिनाभर कुठल्या ना कुठल्या विभागाच्या शाळा बंद असतात. त्यातच ब्रिटनची हाफ-टर्म, म्हणजे शाळेची सत्रामधली सुट्टी, येते, डच आणि जर्मन मुलांच्या सुट्ट्या येतात. खोल्यांचे भाव चढतात, लिफ्टला, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांना, रांगा लागतात आणि शिकवणीच्या गटात मुलं-माणसं कोंबलेली असतात. आरक्षणाआधी त्या वर्षीच्या शाळांच्या सुट्ट्यांच्या तारखा इंटरनेटवर पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

उरतात दोन चांगल्या खिडक्या. एक म्हणजे जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. तेव्हा सगळं स्वस्त आणि मोकळं असतं, बर्फ कोरडा असतो, पण थंडी बोचरी आणि दिवस लहान. दुसरी मार्चचा मध्य. तेव्हा ऊन असतं आणि उजेड संध्याकाळी सहापर्यंत टिकतो. मला विचाराल तर आपल्याकडच्या नवख्याने मार्च धरावा. उणे पंधरात बोटं बधिर झालेली असताना कुणीच नीट शिकत नाही. मार्चची एक खोड मात्र आहे. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि दुपारी दोननंतर त्याचा चिखल होतो. मधले तीन-चार तास आपले.

खोल्या बऱ्याच ठिकाणी, विशेषतः फ्रान्समध्ये, शनिवार ते शनिवार मिळतात. त्या दिवशी अख्खं युरोप एकाच दरीत शिरत असतं. आल्बरव्हिल ते मूतिये हा रस्ता शनिवारी तुंबतो, फेब्रुवारीत तर विचारूच नका. रविवार ते रविवार मिळत असेल तर तो घ्या.

२. गाव निवडताना मोठा आकडा विसरा

जाहिरातीत उतारांचे किलोमीटर असतात. त्र्वा व्हाले, म्हणजे फ्रान्सच्या 'तीन दऱ्या', ६०० किलोमीटर. डोलोमिती सुपरस्की, एका लिफ्ट पासवर १२ विभाग आणि १२०० किलोमीटर. पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यातले फार तर दहा-बारा किलोमीटर वापरणार, तेही पुन्हा पुन्हा तेच. तेव्हा आकडा सोडा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, गावाची उंची. हजार मीटरच्या आतली गावं दिसायला देखणी असतात. ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल जेमतेम ७६० मीटरवर आहे. पण उबदार हिवाळ्यात गावाजवळचे उतार हिरवे पडतात. कृत्रिम बर्फ फवारायची यंत्रं सगळीकडे आहेत, पण हवा शून्याच्या बरीच खाली गेल्याशिवाय तीही चालत नाहीत. उतार १८०० मीटरच्या वर असतील तर काळजी कमी.

दुसरी, सोपे उतार कुठे आहेत. युरोपात उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्स आणि स्पेनमध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड-इटलीत तो सहसा नसतो. रंग त्या त्या गावापुरता खरा. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनचा निळा म्हणजे दुसरीकडचा लाल, असं मुरलेले स्कीअर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. नवख्याने तिथे पहिला आठवडा काढू नये. त्याऐवजी फ्रान्समधलं आल्प द्युएझ पाहा. १८६० मीटरवर आहे, आणि गावाच्या डोक्यावरच रुंद, सपाटीकडे झुकलेले हिरवे उतार आहेत. ऑस्ट्रियात ओबरगुर्गल १९३० मीटरवर आहे. इटलीत सायझर आल्म ही उंचावरची अवाढव्य कुरणं आहेत आणि तिथले बहुतेक उतार इतके सौम्य की मुरलेल्याला कंटाळा येईल. नवख्याला तेच हवं. खिसा फारच आखडता असेल तर बल्गेरियातलं बान्स्को आहेच. राहणं, खाणं, शिकवणी सगळं आल्प्सपेक्षा स्वस्त, पण गावातून वर जाणाऱ्या गोंडोल्याची, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेची, सकाळची रांग कुप्रसिद्ध आहे.

तिसरी, सोबत कोण आहे. आई-बाबा येणार असतील आणि ते स्की करणार नसतील तर मुख्य विचार त्यांचा करा. फक्त स्कीसाठी बांधलेल्या उंच फ्रेंच वसाहतीत त्यांचे दिवस चार भिंतींत जातील. सायझर आल्मला बर्फातून चालायचे साफ केलेले रस्ते आहेत, घोड्याच्या घसरगाड्या आहेत. स्वित्झर्लंडमधल्या वेंगन किंवा झरमॅटला खाजगी मोटारी जातच नाहीत, रेल्वेने वर जायचं आणि उबेत बसून डोंगर बघायचे. महाग आहे, पण सगळ्यांची सहल होते.

पोचण्याचा विचारही इथेच करा. झुरिक विमानतळावरून रेल्वेने सांक्ट आंटोनपर्यंत जाता येतं. जिनिव्हा फ्रेंच गावांना जवळ, म्युनिक, साल्झबर्ग आणि इन्सब्रुक ऑस्ट्रियाला. इन्सब्रुकला दक्षिणेचा फ्योन वारा सुटला की विमानं दुसरीकडे वळवतात, म्हणून पुढची गाडी किंवा बस अगदी चिकटून आरक्षित करू नका. गाडी भाड्याने घेणार असाल तर फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. जिनिव्हाला घेतलेल्या गाडीत त्या आहेत का, हे काउंटर सोडण्याआधी विचारा.

३. व्हिसा आणि विमा

भारतातून किंवा ब्रिटनमधून भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. जिथे सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, तो सहा महिने आधीपासून करता येतो. अँडोरा शेंगेनमध्ये नाही, आणि तिथे जायचा रस्ता फ्रान्स किंवा स्पेनमधूनच आहे. तेव्हा तिकडे जाणार असाल तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा घ्या, नाहीतर परतीच्या वाटेवर अडचण होईल.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा मागतात. तो आपण घेतो आणि निर्धास्त होतो. पण त्या साध्या पॉलिसीत हिवाळी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. बारीक अक्षरात 'विंटर स्पोर्ट्स' शोधा, नसेल तर जास्तीचे पैसे भरून घाला. डोंगरावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा, कारण हे बचावकार्य फुकट नसतं. फ्रान्समध्ये लिफ्ट पाससोबत रोज तीन-चार युरोंत 'कारे नेज' नावाचा विमा मिळतो. तो घ्या, मागेपुढे पाहू नका. इटलीत दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे, पास घेतानाच तो मागून घेता येतो. तिथेच नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्या वयांसाठी हेल्मेटही सक्तीचं झालं आहे. बाकी देशांत मोठ्यांना सक्ती नसली तरी हेल्मेटशिवाय उतारावर कुणी दिसत नाही, तुम्हीही दिसू नका.

४. शिकवणी घ्या आणि पास लहान घ्या

"मित्र शिकवेल" हा बेत सोडून द्या. मित्राला स्की येते, शिकवता येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी दोघांचं बोलणं बंद होतं. सहा अर्ध्या दिवसांची गटातली शिकवणी आल्प्समध्ये साधारण २०० ते २८० युरोंत मिळते. फ्रान्समधली लाल जॅकेटवाली ईएसएफ ही स्की शाळा सगळ्यात जुनी आणि सर्वत्र असलेली. इंग्रजी बोलणारा शिक्षक आरक्षणातच मागा, आणि गटात किती जण घेता तेही विचारा.

पहिले दोन-तीन दिवस तुम्ही गावाजवळच्या सरावाच्या उतारावर असणार. तिथे सरकत्या पट्ट्याने वर जायचं, गव्हाच्या शेतातल्या बुजगावण्यासारखे हात पसरून खाली यायचं. कित्येक फ्रेंच गावांत हे पट्टे आणि छोट्या लिफ्ट फुकट असतात. तरीही लोक पहिल्याच दिवशी पूर्ण विभागाचा सहा दिवसांचा पास घेतात. 'तीन दऱ्यां'चा असा पास ४०० युरोंच्या आसपास जातो. नवख्यांसाठीचा पास वेगळा असतो, खिडकीवर नाव घेऊन मागावा लागतो. तो आधी घ्या. चौथ्या दिवशी शिक्षकाने निळ्या उतारावर नेलं तर तेव्हा वाढवता येतो.

शक्य असेल तर निघण्याआधी दोन तास बंदिस्त उतारावर घालवा. मिल्टन कीन्स, नेदरलँड्समधलं झूटरमेअर आणि लँडग्राफ, जर्मनीतलं नॉइस, दुबई, सगळीकडे ती सोय आहे. भारतातच जास्त वेळ द्यायचा असेल तर गुलमर्गला भारत सरकारच्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम असतात. आणि घरी उठाबशा काढा. सह्याद्रीत किल्ले उतरून ज्यांच्या मांड्या तयार झाल्या आहेत त्यांना याचा फायदा होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

५. स्की न्यायच्या का

आता मूळ प्रश्न. हिशोब युरोंत मांडू, युरोला ढोबळ शंभर रुपये धरा.

नवख्याचा पूर्ण संच, म्हणजे स्की, काठ्या आणि बूट, आल्प्समध्ये सहा दिवसांना साधारण १०० ते १५० युरोंत मिळतो. इंटरस्पोर्ट, स्पोर्ट २०००, स्कीसेट अशा साखळी दुकानांत ऑनलाइन आधी आरक्षण केलं तर दुकानातल्या फलकावरच्या दरापेक्षा बरंच कमी पडतं. नुसत्या स्की आणि काठ्या घेतल्या तर त्यातला तिसरा हिस्सा वजा होतो.

दुसऱ्या पारड्यात विकतची स्की. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्यासकट, साधी जोडी ४०० ते ६०० युरो. स्वस्त विमान कंपन्या स्कीच्या पिशवीचे एका बाजूचे ढोबळ ४० ते ६० युरो घेतात, म्हणजे जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. कडांना धार लावणं आणि मेण चढवणं, वर्षाला एकदा तरी, त्याचे वेगळे चाळीसेक. इथेच गणित संपलं. नुसत्या स्कीच्या पिशवीच्या विमानभाड्यात आठवडाभराच्या स्की भाड्याने येतात, आणि त्याही धार लावलेल्या. शिवाय नवख्याची स्की हनुवटीइतकी आखूड आणि मऊ असते. दोन आठवडे शिकलात की ती अपुरी वाटायला लागते. भाड्याच्या दुकानात बुधवारी जाऊन "जरा लांब द्या" म्हणता येतं. विकत घेतलेली कोण बदलून देणार?

भारतातून थेट जाणाऱ्यांच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा असतील तर काही कंपन्या स्कीची पिशवी त्यातली एक धरतात, तेव्हा वेगळे पैसे पडत नाहीत. काही कंपन्या संपूर्ण सेवेच्या तिकिटावर स्की जास्तीची म्हणून फुकटही नेतात. पण पुढचा टप्पा वेगळ्या तिकिटावर, स्वस्त कंपनीचा असेल तर तिथे पैसे भरावेच लागतात. सामायिक टॅक्सी आणि बसवालेही स्कीची पिशवी आधी कळवा म्हणतात. आणि मग ती पावणेदोन मीटरची पिशवी, दोन सुटकेस, एक झोपलेलं मूल, आणि स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बर्फातली चढण.

मग स्की न्यावी कुणी? म्युनिक, स्टुटगार्ट, झुरिक, लियों अशा शहरांत राहणाऱ्याने, ज्याच्या गाडीवर छताची पेटी आहे आणि जो वर्षाला दहा-बारा दिवस तरी डोंगरावर जातो. त्याचे खरेदीचे पैसे काही हंगामांत वसूल होतात आणि सकाळची दुकानातली रांगही वाचते. मुलांसाठी मात्र तिथे राहूनही विकत घेऊ नका. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली दुकानं मुलांचा संच पूर्ण हंगामासाठी भाड्याने देतात, पाय वाढला की बदलूनही देतात.

बुटांची गोष्ट वेगळी. स्की कुठलीही चालते, बूट कुठलाही चालत नाही. शंभर पायांत गेलेला भाड्याचा बूट आतून सैलावलेला असतो. तो नीट बसला नाही तर टाच उचलली जाते, पायाने दिलेली खूण स्कीपर्यंत पोचत नाही, मग माणूस बकला आवळतो, रक्त थांबतं आणि दुपारपर्यंत पाय बधिर. "मला स्कीइंग जमत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांचा दोष फक्त बुटाचा असतो. स्वतःचा बूट २५० ते ४०० युरोंत येतो, जोडीचं वजन चार किलोच्या आसपास, पाठपिशवीत मावतो, आणि बहुतेक कंपन्या केबिनमध्ये नेऊ देतात. म्हणून दुसरी-तिसरी सहल ठरली की बूट आपले, स्की भाड्याच्या. याहून चांगला तोडगा मला अजून सापडलेला नाही.

बूट शहरात घेऊ नका, डोंगराखालच्या गावात, सहलीच्या पहिल्या दिवशी, बूटफिटरकडे घ्या. चांगला बूटफिटर आधी तुमचा पाय उघडा करून फळीवर मोजतो. नंतर बुटाचं आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतो आणि टाचेमागे दोन बोटं जातात का ते पाहतो. दोनपेक्षा जास्त गेली तर बूट मोठा. चपला-सँडल्समध्ये वाढलेला आपला पंजा बरेचदा रुंद असतो. पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते: ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. कडकपणा, ज्याला फ्लेक्स म्हणतात, तो नवख्याला ७० ते ९० पुरे. आठवड्यात कुठे टोचलं तर संध्याकाळी दुकानात जा, तो कवच तापवून तिथे फुगवून देतो. ठाण्याला परतल्यावर हे कोण करणार?

घेतल्यावर दोन गोष्टी फोनमध्ये टिपून ठेवा. टाचेजवळ कोरलेली तळव्याची लांबी, उदाहरणार्थ ३०५ मिलिमीटर, आणि तळवा कुठल्या प्रकारचा आहे. आजकाल बऱ्याच बुटांना चालायला सोपा, रबरी वळण असलेला ग्रिपवॉक तळवा असतो. तो जुन्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये नीट सुटत नाही. नुसती स्की भाड्याने घेताना "ग्रिपवॉक आहे" हे दुकानदाराला सांगायलाच हवं.

६. भाड्याच्या दुकानात

सकाळी नऊला जाऊ नका. पोचलात त्याच संध्याकाळी, चार-पाचनंतर जा. बरीच दुकानं आदल्या संध्याकाळचे पैसे लावत नाहीत.

काउंटरवर उंची, वजन, वय आणि सराव किती हे विचारतात. हे चार आकडे बाइंडिंगच्या पेचात जातात: पडल्यावर किती जोराला स्की पायातून सुटावी, ते त्यावर ठरतं. लाजून वजन पाच किलो कमी सांगितलंत तर स्की उगाच सुटत राहील. फुशारकीने "चांगली येते" म्हणालात तर ती सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) जाईल. खरं सांगा.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. पाय साडेसव्वीस सेंटिमीटरचा तर बूट २६.५. एकच मोजा घाला, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की ऊब वाढत नाही, घड्या पडतात. आतल्या थर्मलची कडही बुटाबाहेर राहू द्या. पाय आत सारा, टाच जमिनीवर दोनदा आपटा, मग बकला लावा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि इथेच लोक घाबरून एक माप मोठं मागतात. थांबा. गुडघे वाकवा, नडगी बुटाच्या जिभेवर जोरात दाबा. अंगठा थोडा मागे सरकला आणि टाच जागची हलली नाही, तर माप बरोबर. दहा मिनिटं तसेच दुकानात फिरा. मुंग्या आल्या किंवा घोट्याच्या हाडावर टोचलं तर लगेच दुसरा मागा. मागे रांग आहे म्हणून गप्प बसू नका, कारण उद्या वर डोंगरावर हे कुणी सोडवून देणार नाही.

बाहेर पडण्याआधी स्कीच्या क्रमांकाचा फोटो काढा. दुपारी उपाहारगृहाबाहेर एकसारख्या दिसणाऱ्या शंभर जोड्या उभ्या असतात आणि लोक चुकून दुसऱ्याची उचलतात. साधा उपाय म्हणजे सोबत्याची एक आणि आपली एक अशी जोडी लावून दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. मोडतोड-चोरीचा विमा दुकान विचारेल, दिवसाला दोन-तीन युरोंचा तो घ्या.

७. कपडे, ऊन, डबा

सुती काहीही घालू नका, घाम धरून ठेवतं आणि गारठवतं. अंगालगत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. एका आठवड्यासाठी महागडं जॅकेट घेण्यात अर्थ नाही, मित्राकडून मागा. हातमोजे मात्र चांगले हवेत, आणि बोटं एकत्र राहणारे असतील तर जास्त ऊब. गॉगल ढगाळ दिवसाची फिकी काच बदलता येईल असा घ्या. पांढऱ्या उजेडात चढ-उतार दिसेनासा होतो, तेव्हा त्या काचेवाचून पाय टाकणं अवघड जातं. सनस्क्रीन विसरू नका: दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. गव्हाळ रंगाला लागत नाही, हा समज दुसऱ्या दिवशी नाकावर दिसतो.

डोंगरावरचं एक जेवण १८ ते २५ युरो. शाकाहारींनी ऑस्ट्रियात केझेश्पेट्झले, म्हणजे चीजमधले छोटे शेवगोळे, किंवा कायझरश्मारन, म्हणजे गोड पॅनकेकचे तुकडे, मागावं. फ्रान्समधल्या तार्तिफ्लेतमध्ये डुकराचं मांस असतं, फोंद्यूत वाइन. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट आठवडा तारून नेतं. मात्र युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पेढे-चक्का घरीच ठेवा. खिशात शेंगदाण्याची चिक्की असू द्या.

उतारावरचे तीन नियम पाठच करा. तुमच्या पुढे, खाली असलेल्याचा हक्क पहिला. वळणाआड किंवा मध्येच थांबायचं नाही, कडेला व्हायचं. पुन्हा निघताना वर मान वळवून पाहायचं. अपघात झाला तर कुठल्याही देशात ११२.

८. न्यायच्याच असतील तर

ठरवलंच असेल तर दोन्ही स्की तळव्याला तळवा लावून पट्ट्यांनी बांधा, टोकांभोवती जाड कपडे गुंडाळा, काठ्या मधल्या खाचेत. वजन घरीच करा. स्की पाच-सात किलो, पण कपडे कोंबून कोंबून पिशवी मर्यादेबाहेर जाते. नाव-पत्ता बाहेर आणि आतही ठेवा. विमानतळावर ही पिशवी नेहमीच्या पट्ट्यावर न जाता मोठ्या सामानाच्या वेगळ्या काउंटरवर द्यावी लागते, म्हणून वीस मिनिटं जास्त धरा. उतरल्यावरही ती वेगळ्या जागी येते, सुटकेसच्या पट्ट्यापाशी वाट पाहत उभे राहू नका. बूट, हेल्मेट, गॉगल आणि एक जोड थर्मल केबिनमध्ये. पिशवी दोन दिवस उशिरा आली तरी स्की भाड्याने घेऊन सुरुवात करता येते. काठ्या केबिनमध्ये चालत नाहीत.

भारतात राहणाऱ्यांनी फ्रान्समध्ये एकाच दुकानातून १०० युरोंच्या वर खरेदी केली तर करपरतावा मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून कागद मागायचा आणि युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर, बॅग देण्याआधी, त्यावर नोंद करून घ्यायची.

घरी आल्यावर बुटाचं अस्तर काढून दोन दिवस वाळवा, परत घालून बकला सैल लावून ठेवा. बकला न लावता उघडाच ठेवला तर बूट फाकतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्कीच्या कडा एका पावसाळ्यात गंजतात, तेव्हा कडांसकट जाड मेणाचा थर चढवून कोरड्या कपाटात, पिशवीची चेन थोडी उघडी ठेवून ठेवा. बुटाचं प्लॅस्टिक वापर नसतानाही, ओलाव्याने, आतून ठिसूळ होत जातं. दहा-बारा वर्षांचा जुना बूट कुणी "नवाच आहे, दोनदाच घातलाय" म्हणून देऊ केला तर घेऊ नका, तो उतारावर फुटतो.